स्पेस घोस्ट कुणी काढला?

फेसबुकवर दर काही दिवसांनी जुन्या कार्टून्सचा एक फोटो फिरत येतो. स्वॅट कॅट्स, सेंच्युरियन्स, स्पेस घोस्ट, सुपरफ्रेंड्स सगळे एका चौकटीत, आणि खाली ‘हे ज्यांना आठवतं त्यांचंच बालपण खरं’ असं काहीतरी. त्या फोटोतलं एकेक पात्र मलाही जिवाभावाचं आहे. पण खालच्या प्रतिक्रिया वाचल्या की एक गोष्ट फार टोचते. खलनायकांपासून माकडापर्यंत सगळ्यांची नावं लोकांना तोंडपाठ आहेत. ज्या माणसांनी ती काढली, रंगवली, बोलती केली, त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुणी घेत नाही. आज ती नावं घ्यायची म्हणून लिहायला बसले आहे. पोस्ट लांबणार आहे.

यातल्या स्पेस घोस्ट, सुपरफ्रेंड्ससारख्या कार्टून्सचं मूळ घर म्हणजे अमेरिकेतली शनिवारची सकाळ. तिथे शनिवारी शाळेला सुट्टी आणि मोठी माणसं त्या वेळी टीव्हीपुढे नसायची. मग वाहिन्यांनी तो वेळ मुलांना देऊन टाकला आणि मधल्या जाहिराती न्याहारीची गोड धान्यं (सिरियल) नि खेळणी विकणाऱ्यांना. जानेवारी 1966 मध्ये एबीसी वाहिनीवर खऱ्या नटांना घेऊन केलेली बॅटमॅनची मालिका आली आणि तुफान चालली. सीबीएस वाहिनीचे कार्यक्रम ठरवणारा फ्रेड सिल्व्हरमन तेव्हा तिशीच्या आतला होता. त्याने ती हवा ओळखली आणि शनिवारची सकाळ सुपरहिरोंनी भरून टाकली. 10 सप्टेंबर 1966 या एकाच दिवशी सीबीएसवर फिल्मेशन कंपनीचा नवा सुपरमॅन, हॅना-बार्बेरा कंपनीचा अवकाशवीर स्पेस घोस्ट आणि त्यांचाच फ्रँकेन्स्टाइन ज्युनियर असे तिघे सुरू झाले. पुढच्याच वर्षी बर्डमॅन, हर्क्युलॉइड्स, मायटी मायटर, फँटास्टिक फोर आणि स्पायडरमॅन.

आपल्याकडे शनिवार म्हणजे सकाळची शाळा. पांढरा गणवेश, मैदानावर कवायत, आणि अकराच्या सुमाराला दप्तर फेकून टीव्हीपुढे. मी मिरजेत वाढले. कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं ते 1 मे 1995 रोजी, नेमकं महाराष्ट्र दिनी. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे अशी वाटणी होती. या वाहिनीच्या मालकाने, टेड टर्नरच्या कंपनीने, 1991 मध्ये हॅना-बार्बेरा विकत घेतली होती, त्यामुळे त्यांचं अख्खं कोठार या वाहिनीच्या हाताशी होतं. म्हणजे आम्ही अकरा वाजता जो स्पेस घोस्ट बघत होतो तो एकोणतीस वर्षांचा जुना होता. अमेरिकेतली जी मुलं तो पहिल्यांदा बघून मोठी झाली, ती तोवर आमच्या आईवडिलांच्या वयाची झाली होती. समुद्राच्या दोन बाजूंच्या दोन पिढ्यांना एकाच चित्राने वेड लावलं. हे चित्रात काहीतरी असल्याशिवाय होत नाही.

ते चित्र काढलं अ‍ॅलेक्स टॉथने. 1928 चा जन्म, न्यूयॉर्कचा मुलगा, कोवळ्या वयातच कॉमिक्सच्या धंद्यात आलेला. स्पेस घोस्ट, बर्डमॅन, हर्क्युलॉइड्स, मायटर आणि पुढे सुपरफ्रेंड्स, या सगळ्यांची मूळ रूपं टॉथची. मी मुलांना चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना मी स्पेस घोस्टचं चित्र हटकून दाखवते. पांढरा अंगाबरोबर बसणारा पोशाख, काळं मस्तक, पिवळा केप. बस्स. मागे काळंकुट्ट अवकाश. त्या काळ्यावर पांढरी आकृती छोट्या, धुरकट, अँटेनावाल्या टीव्हीवरही सुटून उभी राहते. पोशाखावर स्नायूंच्या रेघांचं जाळं नाही, कापडाच्या चुण्या नाहीत, नक्षी नाही. खांदे आणि कमर यांच्या प्रमाणातूनच माणूस बलदंड दिसतो. मुलांना मी म्हणते, यातली एक रेघ कमी करून दाखवा. जमत नाही. काढण्यासारखं जे होतं ते टॉथनेच आधी काढून टाकलेलं आहे.

त्याची मॉडेल शीट्स बघायला मिळाली तर सोडू नका. मॉडेल शीट म्हणजे पात्र समोरून, बाजूने, पाठमोरं कसं दिसेल हे इतर चित्रकारांना सांगणारा कागद. टॉथ त्या कागदांच्या कडेने आपल्या सुबक ठसठशीत अक्षरांत सूचना लिहायचा. हा केप असा पडला पाहिजे, इथे सावली सपाट ठेवा. स्वस्तातल्या कार्टूनचा कागद, आणि त्यावर इतकी कळकळ.

स्वस्तातलं म्हटलं, कारण तेच सगळ्या टीकेचं मूळ आहे. तोंड तेवढं हलतं, अंग ठोकळ्यासारखं, पळताना मागून तीच झाडं पुन्हा जातात. हे सगळं खरं आहे. पण ते का, हे समजून घ्या. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे टॉम अँड जेरीचे जनक. एमजीएम या सिनेमा कंपनीत असताना त्या उंदरामांजराने सात ऑस्कर मिळवले. तिथे सात मिनिटांच्या एका फिल्मसाठी महिनोन्‌महिने मिळायचे. 1957 मध्ये एमजीएमने तो विभाग बंद केला आणि दोघांनी टीव्हीची वाट धरली. टीव्हीला दर आठवड्याला अर्धा तास लागतो, आणि पैसे सिनेमाच्या मानाने नगण्य. मग शरीर एका पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर स्थिर ठेवायचं, डोकं दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर, आणि हलेल तेवढाच पत्रा बदलायचा. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तो याचसाठी. डोकं आणि धड यांचा सांधा त्याखाली झाकला जातो. हे आळसाचं काम नव्हे. ज्यांना सगळं येत होतं त्यांनी थोडक्यात संसार करून दाखवला.

1967 च्या स्पायडरमॅनची तर किती टिंगल होते. दोन स्पायडरमॅन एकमेकांकडे बोट दाखवतात ते मीम याच मालिकेतलं आहे. त्याच्या पोशाखाकडे नीट बघा. जाळ्याची नक्षी मुखवट्यावर, हातमोज्यांवर आणि बुटांवर आहे, बाकी लाल भाग कोरा. प्रत्येक चित्रात अख्खं जाळं काढायला ना वेळ होता ना पैसे. पहिला हंगाम करून ग्रँट्रे-लॉरेन्स ही कंपनी बुडाली. पुढचे भाग राल्फ बाक्शीने आणखी कमी पैशांत ओढले. काही भागांत तर दुसऱ्याच मालिकेची चित्रं उचलून वापरली. पण बाक्शीच्या भागांतलं न्यूयॉर्कचं आभाळ बघा! जांभळं, शेवाळी, पाण्यात रंग सोडावा तसं पसरलेलं. पात्रं हलवता येत नव्हती म्हणून त्यांनी सगळा जीव पार्श्वभूमीत ओतला. अशा आभाळाखालून उड्या मारत जाणारा तो एकटा पोरगा मला नंतरच्या कोट्यवधी डॉलरच्या कुठल्याही स्पायडरमॅनपेक्षा जास्त एकटा वाटतो. मीम बघून हसा, पण कधीतरी पूर्ण भागही बघा.

आणि आवाज! चित्र हलत नसलं की सगळा भार आवाजावर येतो. स्पेस घोस्टचा आवाज गॅरी ओवेन्सचा. खर्जातला, भरदार, एका हाकेत अवकाश भरून टाकणारा. त्याच्यासोबतच्या ब्लिप माकडाची चिवचिव डॉन मेसिकने केली, आणि झोराक या टोळासारख्या खलनायकाचा घोगरा आवाजही त्याच मेसिकचा. तीन वर्षांनी आलेला स्कूबी-डू हाही तोच. एका गळ्यात माकड, टोळ आणि कुत्रा! 1966 च्या सुपरमॅनसाठी फिल्मेशनने बड कॉलियरला बोलावलं. हाच माणूस 1940 मध्ये रेडिओवर सुपरमॅन झाला होता. क्लार्क केंटचा साधा आवाज बोलता बोलता खाली उतरून सुपरमॅनचा होतो, ही युक्ती त्याने रेडिओवरच बसवली होती. सव्वीस वर्षांनी शनिवारच्या मुलांसाठी त्याने ती पुन्हा तितक्याच मनापासून केली. 1969 मध्ये तो गेला.

पत्र्यांवर रेघा आणि रंग भरणाऱ्या विभागात तर बहुतांश बायका असत. पडद्यावर जो रंग आपण बघितला तो हाताने त्यांनी भरलेला. श्रेयनामावलीत त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावं आली. हे मला अजिबात पटत नाही.

आता त्या काळात सगळंच छान होतं असं म्हणणारी मी नाही. स्पेस घोस्टमधली त्याची साथीदार जॅन जवळजवळ दर भागात संकटात सापडते आणि तिला सोडवायला कुणीतरी यावं लागतं. लहानपणीही मला याचा राग यायचा. जाहिरातींबद्दल तर पेगी चॅरन या बाईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. 1968 मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संस्था उभी केली आणि मुलांच्या कार्यक्रमांत माल खपवण्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध देशभर ओरड झाली, आणि शनिवारचे सुपरहिरो एकेक करून घरी गेले. 1969 च्या सप्टेंबरात सीबीएसने त्यांच्या जागी भित्रा कुत्रा आणला. तोच स्कूबी-डू.

म्हणून 1973 मध्ये एबीसीवर सुपरफ्रेंड्स आले तेव्हा त्यांचे हात बांधलेले होते. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, अ‍ॅक्वामॅन एका टेबलाभोवती, आणि एकालाही ठोसा मारायची मुभा नाही. सुरुवातीच्या भागांतले विरोधक खरे दुष्टही नसत, वाट चुकलेले शास्त्रज्ञ वगैरे. मला ते भाग मिळमिळीत वाटतात. खरी रंगत आली 1978 मध्ये, लीजन ऑफ डूम घेऊन. तेरा खलनायक, आणि दलदलीतून वर येणारं त्यांचं ते काळं शिरस्त्राणासारखं मुख्यालय! त्याच सुमारास अपाचे चीफ, ब्लॅक व्हल्कन, सामुराई ही पात्रं आली. गोऱ्यांपलीकडचे चेहरे दाखवायची धडपड चांगलीच होती, पण प्रत्येकाचं नाव त्याच्या वंशावरून बेतलेलं. हे मोठेपणी खुपतं आणि खुपायलाच हवं.

सुपरफ्रेंड्सच्या मुख्यालयाबद्दल, हॉल ऑफ जस्टिसबद्दल मात्र एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती इमारत खरी आहे. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचं युनियन टर्मिनल, 1933 मध्ये सुरू झालेलं रेल्वे स्टेशन, त्यावरून ती घेतली. हॅना-बार्बेरा तेव्हा ज्या टाफ्ट कंपनीच्या मालकीची होती ती याच शहरातली. स्टेशनची शैली आर्ट डेको, म्हणजे आपल्या मरीन ड्राइव्हच्या इमारतींचीच. ते अर्धगोल दर्शन पडद्यावर आलं की मला कायम ओळखीचं का वाटायचं, ते यावरून उमगलं.

टॉथची रेघ पुढेही चालत राहिली. 1992 मध्ये ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की यांनी बॅटमॅनची जी मालिका केली, तिची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवलेली होती, आणि माणसं मोजक्या ठाम रेघांची. टिम टॉथचा भक्त आहे, आणि ते प्रत्येक चौकटीत दिसतं. माझ्या मते सुपरहिरो कार्टूनचं शिखर तेच. त्यात बॅटमॅनला आवाज देणारा केव्हिन कॉनरॉय नोव्हेंबर 2022 मध्ये गेला, तेव्हा निदान त्याच्या नावाने लोक हळहळले. टॉथ 2006 च्या मे महिन्यात गेला, चित्राच्या टेबलापाशीच. तेव्हा आपल्याकडे कुणाला कळलंही नाही.

अमेरिकेतली ती शनिवारची सकाळही आता उरलेली नाही. चोवीस तास कार्टून दाखवणारी केबल आली, मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचे नियम आले, एकेक वाहिनी बाहेर पडली. 27 सप्टेंबर 2014 रोजी सीडब्ल्यू वाहिनीने असा शेवटचा कार्यक्रमपट्टा बंद केला. मला त्याचं फार दुःख नाही. मुलांना जाहिरातदारांच्या हवाली करणारी वेळ गेली तर गेली. चित्रं आहेत, ती कुठल्याही वारी बघता येतात.

आता आपल्या घरचं. स्वॅट कॅट्स आपण पुढे हिंदीतून बघितलं. टी-बोन आणि रेझर यांची ती हिंदी जुगलबंदी लोक अजून जशीच्या तशी म्हणून दाखवतात. ते आवाज कुणाचे होते? कुठल्यातरी स्टुडिओत, कानाला हेडफोन लावून, लिहिलेलं वाक्य मांजराच्या तोंडाच्या हालचालीत बसवत कुणीतरी बसलं असणार. त्यांत मराठी माणसंही असतील, नाटकातली, आकाशवाणीतली. तुमच्या घरात, ओळखीत, नात्यात कुणी त्या काळी कार्टूनसाठी डबिंग केलं असेल, भाषांतर केलं असेल, तर त्यांना विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन खाली लिहा. कुठली मालिका, कुठलं पात्र, साधारण कुठलं साल. कुणाकडे त्या वेळी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेट असतील तर त्या भंगारात देऊ नका, मला सांगा. मिरज-सांगली-कोल्हापुरात असाल तर मी येऊन घेऊन जाईन आणि डिजिटल प्रत करून परत देईन.