विषय : मेल उघडला जाणेबाबत

आमच्या बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, त्यातली निम्मी आवक-जावक बारनिशीवर. त्यामुळे पत्राचा विषय कसा लिहावा याचं शिक्षण आमच्या घरी पाचवीपासूनच, आणि फार कडक. 'विषय : तापामुळे दोन दिवस रजा मिळणेबाबत.' शेवटी 'बाबत' नसेल तर तो विषयच नव्हे. "विषय वाचला की पाकीट कुठल्या टेबलावर जायचं ते कळलं पाहिजे," बाबा म्हणत. "फोडून बघायची वेळच येता कामा नये."

आता त्यांची मुलगी त्याच ओळीवर पोट भरते, आणि तिला पगार मिळतो तो नेमक्या उलट्या कामाचा. ऑनलाइन हापूस विकणाऱ्या एका कंपनीत मी मेल लिहिते. आतल्या मजकुराला कुणी विचारत नाही, सगळा भाव सब्जेक्ट लाइनला. ती वाचून आत काय आहे ते कळता कामा नये, आणि कळल्याशिवाय चैनही पडता कामा नये. तेही पस्तीसेक अक्षरांत, कारण फोनच्या पडद्यावर त्यापुढचं कापलं जातं.

कापलं जातं म्हणजे काय होतं, ते मी पहिल्याच हंगामात शिकले. मोठ्या प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'ग्राहकहो, आमच्या आंब्यात साका निघाला तर पूर्ण पैसे परत!' साका म्हणजे वरून चांगल्या दिसणाऱ्या आंब्यातला आतला खराब गर. फोनने ते 'निघाला'वर तोडलं. ऐन गुढीपाडव्याच्या सकाळी आठ हजार लोकांना आम्ही कळवलं, की ग्राहकहो, आमच्या आंब्यात साका निघाला. खाली करड्या अक्षरांत, 'हा मेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा.' देवगडहून बागायतदारांचा फोन आला. ते काही बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता.

मग नावाचा प्रयोग झाला. नावाने हाक मारली की माणूस वळून बघतो हे खरं, पण त्यासाठी त्याने फॉर्ममध्ये नाव भरलेलं हवं. आमच्या यादीत पहिल्या नावाच्या चौकटीत कुणी 'डॉ.' लिहिलंय, कुणी 'फ्लॅट 302', एकाने नुसतं 'कशाला?'. आणि पंधरा-वीस जणींनी 'सौ.'. सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला त्यातलं काय कळतंय! 'सौ., आंबा पाडाला आलाय!' हे खपून गेलं. 'कशाला?, खास तुमच्यासाठी 2 डझन' यालाही एक बाणेदारपणा होता. 'फ्लॅट 302, तुमची फार आठवण येते' हे मात्र माझ्याच्याने वाचवेना.

बरं, एवढं करून मेल उघडला की नाही हे आम्हाला कळतं कसं? मेलच्या पोटात ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं एक चित्र असतं. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की समजायचं, उघडला. 2021 मध्ये ॲपलने गिऱ्हाइकांना विचारलं, तुमच्यावरची ही टेहळणी थांबवू का? हो म्हणणाऱ्यांच्या मेलमधली चित्रं ॲपल स्वतःच आधी उतरवून घेऊ लागलं, माणूस मेल बघो न बघो. म्हणजे पाकीट पोस्टमनच फोडतो आणि इकडे आम्ही ओपन रेट, म्हणजे मेल उघडले जाण्याचं प्रमाण, वाढला म्हणून पेढे वाटतो. सरांना मी हे दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "पण आकडा वाढलाय ना?"

हे सर वाईट नाहीत, फक्त वाचतात फार. एका सोमवारी ते बराक ओबामा वाचून आले. 2012 च्या निवडणुकीत ओबामांच्या प्रचारातून देणगीसाठी मेल जायचे, त्यांचे विषय अगदी शेजाऱ्याने लिहावेत तसे. समोरचा माझ्यापेक्षा जास्त खर्च करणार, अशा रडक्या विषयाच्या एका मेलने 25 लाख डॉलरच्या वर देणग्या आणल्या. आणि एक विषय फार चालला, तो म्हणजे नुसतं इंग्रजी हाकेतलं 'हे'.

"आपणही 'हे' करू," सर म्हणाले.

"सर, मराठीत 'हे' म्हणजे नवरा," मी म्हटलं. "'आमच्या ह्यांना आंबा चालत नाही', त्यातले हे. हाकच मारायची तर 'अहो' म्हणावं लागेल."

मी चेष्टेत म्हटलं होतं. सरांनी उठून फळ्यावर लिहिलं.

इथे एक सांगायला हवं. कंपनीच्या नावाने आलेला मेल लोक उघडत नाहीत, माणसाच्या नावाने आलेला उघडतात, म्हणून प्रेषकाच्या जागी आम्ही आधीच 'सायली' बसवली होती. सायली नावाचं कुणीही आमच्याकडे कामाला नाही. वेळ सरांनीच निवडली, रात्री साडेनऊ. लोक जेवणं आटोपून फोन घेऊन बसलेले असतात म्हणून. तर त्या रात्री साडेनऊला आठ हजार घरांतल्या टीपॉयवर, सोफ्यावर, उशीशेजारी फोन उजळले आणि त्यांवर उमटलं :

सायली
अहो

ओपन रेटचा उच्चांक झाला, यात वाद नाही. कुणी उघडला, हे ते चित्र सांगत नाही एवढंच. सकाळी पहिला फोन एका गृहस्थांचा. "बाई, तुम्ही आंबे विकता, एवढंच जरा हिला सांगा," आणि फोन 'हि'च्या हातात. दुसऱ्या एकाने रातोरात पाच डझनांची पेटी मागवली होती आणि डिलिव्हरीच्या सूचनेत लिहिलं होतं, 'बायकोच्याच हातात द्यावी.' बाकीच्यांनी सरळ स्पॅमचं बटण दाबलं. 2024 पासून जीमेलचा नियम आहे, दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांच्या तक्रारी हजारी तीनच्या आत राहिल्या पाहिजेत. आम्ही दुपारपर्यंतच ती रेघ ओलांडली.

"गॅरी थर्क," सर धीर देत म्हणाले. 3 मे 1978 ला या थर्कसाहेबांनी अमेरिकेत आपल्या कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरची जाहिरात जवळपास 400 जणांना एकदम धाडली. आमच्या धंद्याचे ते मूळपुरुष. त्यांनीही शिव्या खाल्ल्या होत्या.

पण त्यांच्या आईचा फोन आला नसावा. माझ्या आला. बाबांचा पत्ता मीच चाचणीसाठी यादीत घातला होता आणि काढायला विसरले होते. बाबांचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून मेल आईने वाचला.

"कोण गं ही सायली? तुझ्या बाबांना अहो म्हणते."

"अगं आई, ती मीच."

बराच वेळ शांतता.

"तू बाबांना अहो म्हणतेस?"

सायली, ओबामा, हजारी तीन, सगळं सांगितलं. तिला किती पटलं कोण जाणे. बाबा मागून एवढंच म्हणाले, "घरचं घरी, कचेरीचं कचेरीत. मी लेखी कळवतो."

दोन दिवसांनी ग्राहक सेवेच्या खात्यात दोनशे बारा न वाचलेले मेल साठले होते. त्यातला एक मी दिसताक्षणी उघडला.

प्रति,
कु. सायली (पूर्ण नाव ज्ञात नाही)
विषय : मला 'अहो' असे न संबोधणेबाबत.
संदर्भ : आपला रात्रौ 9.30 वाजताचा ई-मेल.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर संबोधनाचा वापर गेली 38 वर्षे अन्य व्यक्तीकडे राखीव आहे. तरी यापुढे आंब्याचे दर थेट कळवावेत, ही विनंती.

प्रत माहितीस्तव : आमची सौ.