गरम पाणी पी, बरं वाटेल

अकोल्यात वाढलेल्या माणसाला उन्हाळ्याची भीती घालू नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही आणि माठाभोवती ओलं फडकं गुंडाळणं हे घरातलं सर्वांत जबाबदारीचं काम असतं. त्यामुळे मी एमबीबीएसला वुहानला निघालो तेव्हा प्रवेश करून देणारा एजंट गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “तिकडे उन्हाळा फार कडक असतो बरं का,” तर मी आणि बाबा दोघंही मनापासून हसलो. वुहान, नानजिंग आणि छोंगछिंग या यांगत्सेकाठच्या शहरांना चिनी लोक ‘तीन भट्ट्या’ म्हणतात. भट्टी म्हणजे किती, तर ३८-३९ अंश. तेवढं तर आमच्याकडे होळीलाच होतं.

एजंटने दमटपणाचा विषय काढला नाही. आणि पाण्याबद्दल तर अवाक्षरही बोलला नाही.

वुहानच्या कुठल्याही साध्या खानावळीत जा. बाहेर घामाने शर्ट पाठीला चिकटलेला आहे, छतावरचा पंखा हवेऐवजी वाफ ढवळतो आहे. तुम्ही खुर्चीत कोसळता. पोरगी अदबीने पेला आणून ठेवते. तुम्ही अधाशासारखा उचलता आणि तितक्याच वेगाने खाली ठेवता, कारण आत गरम पाणी असतं. कोमट नव्हे. ज्यात चहाची पत्ती टाकली तर चहा होईल, असं गरम. आजूबाजूची मंडळी तेच पाणी फुंकर मारत, डोळे मिटून, समाधानाने पीत असतात. एखादे आजोबा तर एवढ्यावर न थांबता सोबत आणलेल्या थर्मासातलं आणखी गरम पाणी त्यात ओततात.

चीनमध्ये नळाचं पाणी तसंच कोणी पीत नाही, उकळूनच पितात. त्यामुळे वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याचं यंत्र. मोबाइलने चौकोनी कोड स्कॅन करायचा, काही पैसे कापले जातात, तोटीतून सळसळतं पाणी येतं. त्या यंत्राला दुसरी तोटी नव्हती. मैदानावर क्रिकेट खेळून आलेल्या, जीभ टाळूला चिकटलेल्या माणसाच्या हातात ते यंत्र उकळतं पाणी ठेवतं आणि जणू म्हणतं, थांब अर्धा तास. मोबाइलची बॅटरी संपलेली असेल तर तेही मिळत नाही. तहान ही आत्ता लागते. हे पाणी नेहमी थोड्या वेळाने पिण्यासारखं होतं. या दोन वेळांची सांगड घालण्यात माझ्या शिक्षणाचा बराच भाग खर्ची पडला.

आमच्या तुकडीतला नाशिकचा मुलगा त्यातल्या त्यात व्यवहारी. त्याने घरून आणलेले स्टीलचे दोन पेले काढले आणि उडप्याच्या हॉटेलातल्या कॉफीवाल्यासारखं हातभर उंचीवरून पाणी उलटसुलट ओतायला सुरुवात केली. आठवड्याभरात तो एवढा तरबेज झाला की मजल्यावरचे कझाक आणि घानाचे विद्यार्थी बघायला यायचे. हा काही धार्मिक विधी आहे का, असं एकाने दबक्या आवाजात मला विचारलंही. मी हो म्हणालो. तहान हा धर्मच आहे.

दुकानात थंड पाणी मिळतच नाही असं कोणी समजू नये. फ्रीज असतो, त्यात बाटल्याही असतात. चिनी कॉलेजची पोरं तर बर्फ घातलेला दूध-चहा पीत बाजारभर हिंडतात. पण बरीचशी बाटल्यांची चळत फ्रीजबाहेर, फळीवर. बिअर मागितली तरी वेटर आधी विचारतो, थंड हवी की साधी? साधी म्हणजे खोलीच्या तापमानाची, आणि जुलैमधलं वुहानच्या खोलीचं तापमान मी वर सांगितलेलंच आहे. जानेवारीत थंड बाटली मागितली की दुकानदारीणबाई ती देताना अशा नजरेने बघतात, की मी रॉकेल मागितलंय आणि हातात काडेपेटीही आहे.

हे सगळं आलं कुठून, याची मी बरीच चौकशी केली. उकळून पिणं, चहा पिणं जुनंच. पण १९५२ साली सरकारने देशभर ‘देशभक्तीपर आरोग्य मोहीम’ काढली. माश्या मारा, उंदीर मारा, परिसर झाडा आणि पाणी उकळून प्या. पटकी-हगवणीच्या काळात हा उपदेश सोन्यासारखा होता. शाळा, कारखाने, कचेऱ्या, सगळीकडे उकळत्या पाण्याची सोय झाली. घराघरांत फुलाफुलांचे थर्मास आले, लग्नात आहेर म्हणूनही दिले जाऊ लागले. त्याला पारंपरिक चिनी वैद्यकाचा पाठिंबा होताच: थंड पोटात गेलं की पोट बिघडतं, पोट बिघडलं की माणूस बिघडतो. सरकार आणि वैद्य एकाच बाजूला उभे राहिल्यावर मग माठाचं काय चालणार?

आम्ही तर डॉक्टर व्हायला गेलेलो. सकाळी प्राध्यापक जठरातला आम्लस्राव, त्याची संप्रेरकं, त्यावर चालणारी औषधं असं सगळं फळ्यावर मांडायचे. दुपारी मला ताप आला म्हणून त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, “गरम पाणी पी. भरपूर पी.” मग लक्षात आलं की या देशात हे औषध सर्वांवर चालतं. सर्दी झाली, गरम पाणी. पोटात दुखतंय, गरम पाणी. परीक्षेत नापास झालास, बरं, आधी बस, गरम पाणी पी. माझ्या चिनी मैत्रिणी सांगायच्या की मुलींच्या तक्रारीत हे वाक्य पहिल्या नंबरावर आहे. कुठलंही दुखणं, कुठलंही रडणं फोनवर सांगा, पलीकडून मठ्ठ प्रियकराचं एकच उत्तर येतं: गरम पाणी पी. तिकडे इंटरनेटवर यावर विनोदांचा खच पडलेला आहे, आणि प्रियकर सुधारलेले नाहीत.

या बाबतीत तिथे म्हातारे आणि तरुण असा भेदही फार टिकत नाही. २०१७ साली एका गाजलेल्या चिनी रॉक बँडच्या ड्रमरचा हातात थर्मास घेतलेला फोटो पसरला आणि देशभर हळहळ झाली. एके काळी लोखंडासारखा असलेला हा माणूसही शेवटी थर्मासला लागला! त्यानंतर थर्मास आणि त्यात तरंगणारी गोजीची लाल फळं ही चाळिशीची खूणच ठरली. आपल्याकडे चाळिशी नाकावर येते, त्यांच्याकडे ती हातात येते.

व्हॉट्सअॅप तिकडे सरळ चालत नाही म्हणून घरच्या सगळ्यांनी वीचॅट घेतलं. आजीसुद्धा स्क्रीनवर यायची, बहुतेक वेळा फक्त कपाळ. मी तिला माझी कैफियत ऐकवली. इथे थंड पाणी मिळत नाही, जेवताना गरम, आजारपणात गरम, प्रवासात गरम, बाळंतिणीला तर महिनाभर थंड पाण्याला हातही लावू देत नाहीत, वारा लागू देत नाहीत, काही घरांत केससुद्धा धुवू देत नाहीत. मला वाटलं होतं, ती ‘माझं पोर ते’ म्हणून कळवळेल. कपाळ थोडा वेळ स्तब्ध राहिलं. मग आवाज आला, “शायने लोक हायेत रे बाप्पा. तिथंच राह्य.”

जी बाई शेगावच्या पलीकडे फारशी कधी गेली नाही, तिचा आणि चिनी सरकारचा बाळंतपणापासून सर्दीपर्यंत एकही मतभेद नव्हता. माझं सगळं लहानपण माठाकडे चोरून जाण्यात गेलं, ‘काहून पेते रे थंडं’ ही हाक पाठीवर घेऊन. त्या हाकेपासून लांब म्हणून हजारो किलोमीटर आलो, तर इथे १४० कोटी लोक तीच हाक मारत होते.

उन्हाळा कसाबसा काढला. पण वुहानचा हिवाळा हे निराळंच प्रकरण आहे. चीनच्या मधून, छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्यावरून, एक रेघ जाते. सरकारने १९५० च्या दशकात ठरवलं की रेघेच्या उत्तरेला घराघरांत घर गरम ठेवणारे पाइप, दक्षिणेला नाही. बीजिंगचे लोक बाहेर शून्याखाली पाच असताना घरात बनियनवर आइस्क्रीम खातात. वुहान रेघेच्या थोडंच खाली. म्हणजे थंडी पुरेपूर, पाइप नाही. शिवाय नदी आणि तळ्यांमुळे ती थंडी ओली, लोकरीतून झिरपत हाडापर्यंत जाणारी. वर ‘हवा खेळती हवी’ म्हणून वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या. व्याख्यानाच्या खोलीत शंभर विद्यार्थी जाड कोट घालून, प्रत्येकाच्या मांडीवर गरम पाण्याची बाटली. तोंडातून वाफ निघते, शरीरशास्त्र चालू आहे.

याच दिवसांत एका चिनी मित्राने मला रात्री त्याच्या खोलीवर बोलावलं. दारातून पाहिलं तर चार पोरं ओळीने खाटांच्या कडेवर बसलेली, विजारी गुडघ्यापर्यंत वर, प्रत्येकाचे पाय प्लॅस्टिकच्या घंगाळात, घंगाळातून वाफा. कोणी मोबाइलवर लढाई खेळतोय, कोणी अणुरसायनशास्त्र वाचतोय. मला वाटलं, कुठल्यातरी शिक्षेवर आहेत. ते म्हणे रोज झोपण्याआधी करतात. मलाही एक घंगाळ मिळालं. पहिल्या पाच सेकंदांत मला चीनमध्ये आल्याचा पश्चात्ताप झाला. दहाव्या मिनिटाला मी त्यांना विचारत होतो, घंगाळ कुठल्या दुकानात मिळतं.

आगगाडीचं सांगायलाच हवं. वुहान ते ग्वांगचौ हजारएक किलोमीटर, गाडी चार तासांत नेते, खिडकीबाहेरचं काही दिसायच्या आत मागे जातं. आणि या अत्याधुनिक गाडीतही डबे जोडले जातात तिथे उकळत्या पाण्याची तोटी, तिच्यापुढे रांग, रांगेत प्रत्येकाच्या हातात थर्मास नाहीतर शेवयांचा पुठ्ठ्याचा डबा. ताशी ३०० किलोमीटर वेगात भरलेला पेला घेऊन जागेवर परत येणाऱ्या चिनी आजींचा एक थेंब सांडत नाही. आमच्या नाशिककराने हे करून बघितलं. पुढचं विचारू नका. त्याच्या पुढच्या सीटवरच्या गृहस्थांचा स्वभाव चांगला होता.

वुहानमध्ये पूर्व सरोवर म्हणून भलंमोठं तळं आहे. जुलैतल्या एका संध्याकाळी तिथे बाकावर बसलो होतो, शेजारी एक निवृत्त शिक्षक. कुठला? भारतातला. काय शिकतोस? डॉक्टरकी. एवढं ऐकून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “ख दीह्वा!” हे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, युद्धात जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारलेले, वय अवघं ३२. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत, जुन्या पिढीला नाव तोंडपाठ आहे. शिक्षकांचे डोळे भरून आले. माझेही आले. मग त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात काठोकाठ पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. नाही कसं म्हणणार? सोलापूरच्या माणसाच्या पुण्याईचं उकळतं पाणी अकोल्याच्या माणसाने ३७ अंशांत, हसतमुखाने, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं.

त्याच आठवड्यात नाशिककराच्या आईने कोणाबरोबर तरी पन्ह्याचा अर्क पाठवला. आता गरम पाण्यात पन्हं करणं हा कैरीचा अपमान आहे, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. मजल्याच्या सामाईक स्वयंपाकघरात एक फ्रीज होता. आम्ही रात्री खालच्या कप्प्यात पाण्याचा डबा गोठवायला ठेवला. सकाळी पाहतो तर डबा ओट्यावर, पाणी वितळलेलं, वर गरमसुद्धा केलेलं. वसतिगृहाच्या दारात बसणाऱ्या, किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. हा उद्योग त्यांचाच. त्यांनी मायेने समजावलं की कोणीतरी चुकून पाणी भलत्याच जागी ठेवलं होतं, गोठून पार दगड झालं होतं बिचारं. दुसऱ्या रात्रीही तेच.

तिसऱ्या रात्री नाशिककराने डोकं चालवलं. प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरच्या चिठ्ठीची हुबेहूब नक्कल करून त्याने सुरेख चिनी अक्षरांत लिहिलं: ‘शरीररचनाशास्त्र. नमुना. हात लावू नये.’ चिठ्ठी डब्यावर चिकटवली. सकाळी बर्फ शाबूत. एवढंच नाही, घानाच्या पोरांचे मासे आणि कझाकांचं मटण खालच्या कप्प्यातून गायब. आख्खा कप्पा आमचा झाला. आम्ही दोन डबे लावले, मग चार.

असेच एका दुपारी आम्ही ओट्यावर नमुना फोडत होतो. दोन मोठे तुकडे ग्लासात टाकले, वरून पिवळंधमक पन्हं, वेलदोड्याची पूड. मी ग्लास तोंडाला लावला आणि दारात आयी उभ्या. त्यांनी डब्यावरची चिठ्ठी सावकाश वाचली. मग ग्लासातल्या पिवळ्या द्रवात तरंगणाऱ्या तुकड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा काळजीने अगदी एवढासा झाला.

“पोरा,” त्या म्हणाल्या, “निदान उकळून तरी घेतलंस ना हे?”