पन्नाशीनंतरची केमोथेरपी : एक खुलासा

‘पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला वृषणाच्या जननपेशीजन्य कर्करोगावरील केमोथेरपी झेपत नाही, म्हणून डोस निम्मा करावा,’ हा फिरत असलेला दावा अर्धसत्य आहे. वाढत्या वयात रक्तातील पांढऱ्या पेशी घटून होणारा जंतुसंसर्ग, मूत्रपिंडांवरील ताण आणि ब्लिओमायसिन या केमोथेरपीतील औषधामुळे फुप्फुसांना होणारी इजा यांचा धोका वाढतो, आणि तरुणांच्या तुलनेत निष्पत्तीही काहीशी उणी राहते, हे खरेच. परंतु हा आजार पसरल्यावरही सिस्प्लॅटिन या केमोथेरपीतील मुख्य औषधाने बरा होऊ शकतो. केवळ वयाकडे पाहून मात्रा घटवणे म्हणजे ती संधीच घालवणे होय. कमी जोखमीच्या रुग्णात बीईपीच्या (ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन या औषधांच्या) तीन चक्रांऐवजी ब्लिओमायसिन वगळून इटोपोसाइड-सिस्प्लॅटिनची चार चक्रे देता येतात, आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने सोबतीला असतातच. साठीनंतरची वृषणातील गाठ मात्र बहुधा लिम्फोमाची, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाची, निघते. तिचे उपचार निराळे.