आधी तळं ठरवा, आरव्ही मग बघू

उन्हाळा जवळ आला की शिकागो-डेट्रॉइटकडच्या मराठी घरांतून हमखास फोन येतो. "आई-बाबा येतायत. जुलैमध्ये आरव्ही घेऊन लेक मिशिगनला जायचंय. तीस फुटी गाडी बुक करून टाकलीय, आता एखादा छान पार्क सुचव ना!" (आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली मोठी गाडी.)

मला हा क्रमच पटत नाही. आधी तळं ठरवावं, मग कॅम्पग्राउंड, मग साइट, म्हणजे तिथली गाडी लावायची आपली जागा, आणि गाडी सगळ्यात शेवटी. आणि बरोबर लहान मुलं किंवा सत्तरीतली माणसं असतील तर मुक्काम लेक मिशिगनला चिकटून असण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या शेजारच्या छोट्या तळ्यावर राहावं आणि लेक मिशिगन संध्याकाळी बघायला जावं. हे मी अगदी ठामपणे सांगते.

लेक मिशिगनवर माझा फार जीव आहे. ३०७ मैल लांब, ११८ मैल रुंद, सगळ्यात खोल जागी ९२३ फूट. पलीकडचा काठ दिसत नाही. आई-बाबांना ते दाखवायलाच हवं. पण चार वर्षांच्या पोराला रोज पाण्यात सोडायचं तर त्या पाण्याचे रंग ओळखून असावं लागतं. मिशिगन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर ऐन जुलैतही उत्तरेचा वारा सुटला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं गारठलेलं पाणी काठाशी वर येतं. काल जिथे मुलं तासभर डुंबली, तिथे आज घोटाभर पाण्यात पाय बधिर होतात.

ही झाली गैरसोय. प्रवाहांची गोष्ट जिवाशी येणारी आहे. वाळूच्या दांड्यांमधल्या फटीतून पाणी आत ओढतं. दीपगृहाकडे जाणाऱ्या धक्क्याच्या भिंतीलगत तर ते भिंतीला धरूनच खोल पाण्याकडे नेतं, आणि फोटोसाठी आपली सगळी गर्दी नेमकी त्याच भिंतीजवळ असते. स्टेट पार्कच्या बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, झेंडे असतात. हिरवा, पिवळा, लाल. दोन लाल झेंडे लागले की पाण्यात उतरायला बंदी. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हे झेंडे ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना पहिल्याच दिवशी काठावर उभं करून समजावून सांगा, कारण दुपारी नातवंडांवर लक्ष ठेवायला तेच बसलेले असतात.

आता माझं आवडतं उदाहरण. लडिंग्टन स्टेट पार्क. एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक, आणि दोघांना जोडणारी छोटीशी बिग सेबल नदी. हॅमलिन लेक लाकूडतोडीच्या जमान्यात या नदीवर धरण घालून झालेलं तळं आहे. तिथला पोहण्याचा किनारा वाळूचा आणि उथळ आहे, कितीतरी पावलं आत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही, आणि ते लवकर तापतं. माझी आई मुंबईतही कधी समुद्रात उतरली नव्हती. इथे ती पंजाबी ड्रेस सावरत पाण्यात गेली आणि नातीबरोबर मांडी घालून चक्क तळावर बसली. नात तिच्या मांडीवर ओल्या वाळूचे मोदक रचत होती, आणि आई तिला पाऱ्या जवळ घे, अजून जवळ घे म्हणत होती. लेक मिशिगनच्या लाटांत हे जमलं नसतं.

मोठी मुलं ट्यूबवर बसून त्या नदीतून तरंगत जातात. बाबांसारखे चालणारे असतील तर १८६७ सालचं बिग सेबल पॉइंट दीपगृह आहे, ११२ फूट उंच. तिथपर्यंत जायला साधारण दोन मैल चालावं लागतं आणि तेवढंच परत, वाटेत सावली फार नाही. म्हणून सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर ठेवा.

अशी जोडी आणखी ठिकाणी सापडते. हॉलंड स्टेट पार्कमध्ये लेक मिशिगन आणि लेक मॅकटावा, दोन्हीकडे वेगवेगळी कॅम्पग्राउंड्स आहेत. ट्रॅव्हर्स सिटीजवळच्या इंटरलोकन स्टेट पार्कला तर दोन छोटी तळी आहेत, आणि स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या तिथून एका दिवसात बघून येता येतात.

छोट्या तळ्यांचंही सगळंच गोड नसतं. उत्तर मिशिगनच्या काही तळ्यांत गोगलगायी आणि पाणपक्ष्यांमुळे वाढणारा एक सूक्ष्म परजीवी असतो. त्याने अंगावर खाजरे पुरळ उठतात. पाण्याबाहेर आल्याआल्या मुलांना टॉवेलने खसखसून पुसलं तर बराच त्रास टळतो. पाण्यावर हिरव्या रंगाची साय दिसली तर त्या दिवशी पाण्यात जाऊच नये. त्यामुळे बुकिंगच्या आधी त्या तळ्याचा किनारा वाळूचा आहे की गवताळ दलदलीचा, एवढं तरी बघाच. दलदल असेल तर संध्याकाळी डास बाहेर बसू देत नाहीत.

आता साइट. नकाशा उघडला की सगळे पाण्याच्या जवळची साइट शोधतात, मी आधी स्वच्छतागृह शोधते. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला आरव्हीतल्या अरुंद संडासापेक्षा नीट दिवे असलेलं, सपाट वाटेवरचं स्वच्छतागृह केव्हाही बरं. अगदी शेजारची साइट मात्र नको, तिथे दाराची आदळआपट आणि उजेड रात्रभर असतो. तीन-चार साइट सोडून घ्या. मिशिगनमध्ये कॅम्पग्राउंडपुढे 'रस्टिक' लिहिलेलं असेल तर वीज नाही, हातपंपाचं पाणी आणि खड्ड्याचे संडास, हे धरून चाला. तरुण मंडळींना त्यात मजा येते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेऊ नका.

विजेचा हिशेब आपल्या स्वयंपाकामुळे जास्त महत्त्वाचा. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी १,५०० च्या आसपास खातो, इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) १,०००, चहाची केटली १,५००. तिन्ही एकदम लावलं की ब्रेकर पडलाच. खिचडी शिजेपर्यंत चहा गॅसवर ठेवा, प्रश्न मिटतो. स्टेट पार्कच्या बऱ्याच साइट्सवर फक्त वीज असते, सांडपाण्याची जोडणी नसते. सहा माणसांची ताटं, कढया आणि अंघोळी आरव्हीच्या टाकीत सोडल्या तर ती बघता बघता भरते आणि गाडी उचलून डंप स्टेशनला, म्हणजे टाकी रिकामी करायच्या जागी, न्यावी लागते. अंघोळी बाहेरच्या स्वच्छतागृहात करा. ताटं आधी कागदाने पुसा, मगच धुवा.

"मग खासगी आरव्ही पार्क का नको? तिथे सगळ्या जोडण्या असतात, स्विमिंग पूल असतो." असतात, आणि पावसाळी आठवड्यात तो पूल मुलांना खरंच उपयोगी पडतो. पण त्यांतल्या कित्येक पार्कांत गाड्या इतक्या खेटून लावतात की टेबलावर बसलं तर समोर शेजाऱ्याचा सांडपाण्याचा पाइप दिसतो. अमेरिका बघायला आलेल्या आई-बाबांना मी झाडांखालची जागा देईन, भले पूल नसेल.

यामुळेच गाडी शेवटी घ्या म्हणते. स्टेट पार्कच्या जुन्या भागातल्या साइट आखूड आणि वळणावर असतात. तिथे चोवीस फुटी गाडी आरामात बसते, तीस फुटी मागे घेताना अर्धं कॅम्पग्राउंड जमा होतं. साइट उतारावर असेल तर गाडी समपातळीत आणणं आलं, कारण गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज गाडी कललेली असली की नीट गार करत नाही, आणि आपलं तर दही, पनीर सगळं त्यातच असतं.

घरचं सरपण बरोबर नेऊ नका. अ‍ॅश झाडांचा काळ ठरलेला एमरल्ड अ‍ॅश बोरर नावाचा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळच ओळखला गेला, आणि सरपणातून तो कुठल्या कुठे पोचला. पार्कपाशीच लाकूड विकत घ्या. रात्री दहाला शांततेची वेळ सुरू होते. जुलैत तिथे सूर्यच साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे सूर्यास्त बघून परत येईपर्यंत गाण्यांच्या भेंड्यांना वेळ उरत नाही. भेंड्या चहाबरोबर दुपारीच खेळा.

स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यासाठी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी लॅपटॉप उघडून बसायचं. शनिवार-रविवार मिळत नसेल तर रविवार ते गुरुवार बघा, आणि निघायच्या आधीच्या दोन आठवड्यांत रोज एकदा रद्द झालेल्या साइट तपासा. आई-बाबांचा मुक्काम ऑक्टोबरपर्यंत असेल आणि मुलं अजून शाळेत जात नसतील, तर लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटल्यावरचा पहिला आठवडा घ्या. गर्दी ओसरलेली असते, आणि उन्हाळाभर तापलेलं लेक मिशिगनचं पाणीही तेव्हा बऱ्याचदा पाय बुडवण्याइतकं कोमट असतं.