‘पोट कापलं की काम झालं’ : एका फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: वीस-बावीस वर्षांची पोरं व्यायामाचा कंटाळा म्हणून पोट कापून घेतात. डॉक्टर चरबी काढून टाकतात, मग काही करावं लागत नाही, वजन आपोआप उतरतं. पण केस जातात, हाडं जातात, मूल होत नाही, कित्येक जण टेबलावरच जातात आणि एवढं करून दोन वर्षांत वजन जैसे थे. शेवटी जोडलेले हात आणि सल्ला: ‘रोज पर्वती चढा, काही लागत नाही.’

हे ऑपरेशन (बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करणं) एकाच वेळी फुकटची चैनही आहे आणि जीवघेणंही, हे लिहिणाऱ्यालाच जमो. आमची तक्रार वेगळी आहे. ज्यांची भीती घातली आहे त्यातल्या बहुतेक गोष्टी चुकीच्या आहेत आणि ज्या गोष्टींपासून खरंच जपायला हवं त्यांचं नावही मेसेजात नाही.

‘व्यायामाचा कंटाळा, दुसरं काय. पर्वती चढा.’

पर्वती जरूर चढावी. पण १०३ पायऱ्या चढून-उतरून खाली एक वडापाव खाल्ला तर हिशेब तोट्यातच जातो, आणि १२० किलोच्या माणसाचे गुडघे त्या पायऱ्यांवर काय म्हणतात ते वेगळंच.

मुळात हे ऑपरेशन लग्नाआधी आठ-दहा किलो उतरवायचं साधन नाही. भारतात साधारणपणे बीएमआय ३७.५ च्या वर असेल तर, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल तर त्याचा विचार होतो. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६५ सेंटिमीटर, वजन १२० किलो: बीएमआय ४४. त्याच उंचीला ७८ किलो वजन असेल तर तो २८.७ येतो, म्हणजे या यादीत नाव नाही.

‘मनावर घेतलं की होतं’ हेही अर्धंच खरं. वजन उतरतं, पण शरीर ते परत मागतं. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात दहा आठवडे अगदी कमी खाऊन सरासरी साडेतेरा किलो उतरवलेल्यांचं रक्त वर्षभराने तपासलं, तेव्हाही भूक पेटवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेलंच होतं. माणूस आळशी झाला नव्हता, त्याची भूक वाढली होती.

‘चरबी कापून काढतात’

नाही. चरबी ओढून काढणं म्हणजे लायपोसक्शन. ते आकार सुधारण्यासाठी असतं, लठ्ठपणावरचा उपचार म्हणून नाही. इथे काम जठरावर होतं, तेही दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून.

तरुणांमध्ये बहुधा ‘स्लीव्ह’ करतात. तोंडातून जठरात ३६ ते ४० फ्रेंच मापाची, म्हणजे १२-१३ मिलिमीटर जाडीची नळी सोडायची. जठराच्या खालच्या दारापासून चार ते सहा सेंटिमीटर सोडून नळीच्या कडेकडेने स्टेपलर (कापता कापता पिना मारून कडा बंद करणारं यंत्र) वर नेत जायचा. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग वेगळा होऊन छिद्रातून बाहेर येतो. उरते ती केळ्यासारखी नळी, १०० ते १५० मिली मावेल एवढी. कापलेल्या वरच्या फुगीर भागातच घ्रेलिन जास्त तयार होतं, त्यामुळे जागा कमी होते तशी भूकही कमी होते.

दुसरा प्रकार बायपास, हृदयाचा नव्हे, जठराचा. त्यात वर सुमारे ३० मिलीची पिशवी ठेवतात आणि लहान आतडं थेट तिला जोडतात. मधुमेह जुना असेल किंवा छातीत जळजळ खूप असेल तर हा पर्याय पुढे येतो, कारण स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. ‘मैत्रिणीने स्लीव्ह केली, मलाही तीच’ असं ठरवण्याआधी एंडोस्कोपी करतात ती यासाठी.

‘मग काही करावं लागत नाही’

सगळ्या मेसेजात सर्वांत खोटं वाक्य हेच. काम ऑपरेशनच्या दोन आठवडे आधीच सुरू होतं.

जाड व्यक्तीचं यकृत बहुधा चरबीने सुजलेलं असतं आणि त्याचा डावा भाग बरोबर जठरावर पसरलेला असतो. तो उचलल्याशिवाय सर्जनला जठराचं वरचं टोक दिसत नाही. म्हणून आधी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरीचा, भात-पोळी-साखर जवळजवळ नसलेला आहार देतात, म्हणजे यकृत आकसतं. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘आता परत कधी मिळणार’ म्हणून शेवटची मिसळ, शेवटची बिर्याणी, शेवटची मस्तानी. यकृत पुन्हा फुगतं आणि ऑपरेशन अवघड होतं. क्वचित अर्ध्यावर थांबवायचीही वेळ येते.

नंतरचं वेळापत्रक रुग्णालयागणिक थोडं बदलतं, पण क्रम हाच. पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप. मग साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ: ताक, दूध, गाळलेलं वरणाचं पाणी, प्रोटीन पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं वरण, दही, मऊ पनीर, अंड्याचं पांढरं. त्यानंतर मऊ अन्न. नेहमीचं जेवण सहा ते आठ आठवड्यांनी. भाकरी, ताजी मऊ पोळी आणि मोकळा भात सगळ्यांत शेवटी, कारण नीट चावलं नाही तर त्यांचा गोळा होऊन ते अडकतात.

खरी कसोटी मात्र पाण्याची. दिवसाला दीड लिटर प्यायचं आणि एका वेळी जातं ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. दर १५ मिनिटांनी ३० मिली म्हटलं तर तासाला १२० मिली, म्हणजे दीड लिटरला साडेबारा तास. जागेपणाचा जवळजवळ सगळा दिवस बाटली हातात. घटाघटा प्यायलं की छातीत कळ येते, मग भीतीने पिणंच थांबतं, लघवी गडद होते, चक्कर येते. ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हावं लागण्याच्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं अगदी वर आहे. हिंजवडीला जाणाऱ्या बसमध्ये तास-दीड तास अडकणाऱ्याने बाटली पिशवीच्या तळाशी ठेवून चालत नाही.

जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तासही नाही. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्याभांडं ठेवायची सवय आहे, ती मोडायला भूक मारण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

दुसरा हिशेब प्रथिनांचा: रोज ६० ते ८० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात साधारण सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. नुसत्या वरणावर ६० ग्रॅम गाठायला दहा वाट्या लागतील आणि पोटात मावते अर्धी. म्हणून सुरुवातीचे महिने पावडर लागते (एका मापात २० ते २५ ग्रॅम) आणि ताटात आधी पनीर, अंडं, मासा किंवा मूग, मग भाजी आणि जागा उरली तर दोन घास पोळी. आजीचं ‘वरणभात तरी खा, हलका असतो’ मायेचं आहे, पण भाताने जागा अडते आणि प्रथिनं राहून जातात. संकष्टीची साबुदाणा खिचडी तर त्याहून वाईट: सगळा स्टार्च आणि तेल. पहिल्या वर्षात उपास बाजूला ठेवावेत. बाप्पा समजून घेईल.

‘केस जातात, हाडं जातात’

केस गळतात, हे खरं. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरुवात होते, तीन ते सहा महिने चालतं आणि बहुतेकांचे परत येतात. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइडनंतर गळतात तशातलाच प्रकार. टक्कल पडत नाही. गळणं लांबलं तर तेल बदलण्याआधी प्रथिनं, लोह आणि झिंक तपासावं.

गोळ्या मात्र आयुष्यभर घ्यायच्या, आणि तरुण माणूस नेमका इथेच चुकतो. वर्षभरात छान वाटायला लागतं, डबी संपते, नवी येत नाही. रोजची मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी आणि कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम. कॅल्शियम ‘सायट्रेट’ प्रकारचं घ्यावं, कारण ‘कार्बोनेट’ विरघळायला आम्ल लागतं आणि तेच आता कमी झालेलं असतं. एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा विभागून. पाळी येणाऱ्या मुलींना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. ते कॅल्शियमपासून दोन तास लांब आणि चहापासूनही लांब. अमृततुल्यच्या कपाबरोबर लोहाची गोळी घेणं म्हणजे ती जवळपास वाया घालवणं. पंचविशीपर्यंत हाडं भरत असतात, त्यामुळे विशीत ऑपरेशन झालेल्याला हे चुकवणं जास्त महाग पडतं.

मेसेजात नसलेली आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे उलट्या. दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर बी-१ म्हणजे थायमिनचा साठा झपाट्याने संपतो. आपल्याकडे अशा वेळी काय करतात? ‘अशक्तपणा आलाय, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे सलाईन लावून घे.’ ते ग्लुकोजचं सलाईन असेल आणि आधी थायमिनचं इंजेक्शन दिलेलं नसेल तर मेंदूला इजा होऊ शकते: चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं. म्हणून सलाईन लावणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ऑपरेशनबद्दल सांगायचं आणि ‘आधी थायमिन’ हे दोन शब्द घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत.

‘मूल होत नाही’

नेमकं उलटं. वजन उतरलं की पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा विकार) असलेल्या अनेक मुलींची पाळी नियमित होते, बीज सुटायला लागतं आणि ‘आपल्याला दिवस राहणारच नाहीत’ असं धरून चाललेली फसते. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, कारण वजन भराभर उतरत असताना बाळाला पुरेसं पोषण मिळण्याची खात्री नसते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवू नये. तांबी किंवा दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आधीच ठरवावा. लग्न ठरत असेल तर हे समोरच्याशी बोलून घ्यावं. अवघड आहे, पण डोहाळजेवणाची घाई असलेल्या सासूला नंतर समजावण्यापेक्षा सोपं आहे.

‘टेबलावरच जातात’

अमेरिकेतल्या २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात ४,७७६ रुग्णांपैकी ३० दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण ०.३ टक्के होतं. शून्य नाही, पण ‘कित्येक’ही नाही. धोका टेबलापेक्षा नंतरच्या दिवसांत जास्त असतो, तेव्हा लक्ष तिथे हवं.

स्टेपलची रेघ वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते तिथे, झिरपू शकते. हे शंभरात एखाद्या-दुसऱ्याला होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. ऑपरेशनच्या वेळी भरलेल्या गॅसमुळे पहिले दोन-तीन दिवस खांदा तसाही दुखतो, म्हणून खांद्यापेक्षा नाडीकडे बघायचं. स्वस्थ पडून असताना नाडी १२० च्या वर, ताप, दम, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती कळ यांतलं काही असेल तर सकाळची वाट न बघता ऑपरेशन जिथे झालं तिथे जायचं. घरात २००-३०० रुपयांचं साधं घड्याळ असलं तरी नाडी मोजता येते.

दुसरी भीती पायातल्या रक्ताच्या गुठळीची. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात ते यासाठी. ‘तिला झोपू द्या’ म्हणणारी मावशी इथे चुकते. पुढे वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून बरेच सर्जन सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड देतात. बायपास झालेल्यांनी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्यावरच्या गोळ्या घेऊ नयेत आणि सिगारेट, तंबाखू, मिसरी सगळंच बंद. जोडाच्या जागी अल्सर होतो.

‘दोन वर्षांत जैसे थे’

यात थोडं तथ्य आहे. आधी अपेक्षा मोजून घेऊ. वरच्या उदाहरणात १६५ सेंटिमीटरला बीएमआय २५ म्हणजे ६८ किलो, तेव्हा जादा वजन ५२ किलो. साधारण त्याचे ६० ते ७० टक्के उतरतात, म्हणजे ३१ ते ३६ किलो. दीड वर्षाने काटा ८४ ते ८९ वर. मधुमेह आणि घोरणं बहुधा सुधारलेलं असतं, पण फॅशन-शोची कंबर नसते. पोटाची, दंडाची कातडी लोंबते आणि तिचं ऑपरेशन वजन वर्षभर स्थिर राहिल्यावर.

सर्वांत कमी वजन एक ते दोन वर्षांच्या दरम्यान असतं. नंतर थोडं चढणं नेहमीचं, सगळं परत येणं नेहमीचं नाही. चढतं ते पातळ आणि विरघळणाऱ्या गोष्टींनी. स्लीव्ह अर्धी भाकरी अडवते, मस्तानीचा उंच ग्लास अडवत नाही. तो सरसर खाली जातो, तसंच बाकरवडी, फरसाण, बिस्किटं, गोड चहा. दारू तर, विशेषतः बायपासनंतर, लवकर चढते आणि उशिरा उतरते.

‘मग वजन उतरवणारी इंजेक्शनंच का नाही?’ असं हल्ली विचारतात. चांगली आहेत. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, टिर्झेपाटाइडच्या मोठ्या डोसने २१ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. स्लीव्ह-बायपासने साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं होतं.

‘लाखो रुपये खिशातून’

मेसेजच्या एका लांबलेल्या आवृत्तीत हेही आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींप्रमाणे दावा मान्य व्हायला वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सोबत हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असं काही हवं, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असावेत. वर सांगितलेला ३७.५ चा आकडा वैद्यकीय आहे, विम्याचा नाही, आणि गल्लत तिथेच होते. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत अटी वेगळ्या असू शकतात, एचआरकडून लेखी मागवाव्यात. ‘उपाय फसले’ हे दाखवायला जिमची पावती कमी पडते. आहारतज्ज्ञाकडच्या तारीख-वजनासकट नोंदी, साखरेचे आणि झोपेच्या तपासणीचे रिपोर्ट एका फायलीत लावून पूर्वमंजुरीच्या अर्जाबरोबरच द्यावेत.