तेराशे रुपये वाचवणाऱ्या घरमालकांसाठी

आज सकाळी नाशिकच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक जुने स्नेही भेटले. पहिल्याच फेरीत त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की, गंगापूर रोडचा फ्लॅट कालच ओळखीतल्या मुलांना दिला, करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीकडून करून घेतला आणि नोंदणीचा खर्च वाचवला. तिथे मी नुसता हसलो. घरी येईपर्यंत मात्र संताप अनावर झाला होता.

२०१८ साली मीही हीच हुशारी केली होती. पाथर्डी फाट्याचा वन बीएचके, भाडे दरमहा ११,००० रुपये, अनामत ३०,००० रोख, आणि भाडेकरू कोण, तर मेहुण्याच्या मित्राचा भाचा! अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी धरून जेमतेम तेराशे रुपये लागले असते. ते मी वाचवले.

अकरा महिने संपले, तरी तो हलेना. मी आवाज चढवला तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की, भाडे ८,००० ठरले होते आणि अनामत एक लाख दिली होती. वकिलांकडे धावलो, तर त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम ५५ समोर ठेवले. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करायचे आपणच. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद, तीही आपल्याच डोक्यावर! उलट नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याच्या परवान्याचा करार असता, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट दाद मागता आली असती आणि मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्या दिवसांचे दुप्पट भाडेही मागता आले असते.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. महाराष्ट्रात ते साफ खोटे आहे. मुदत कितीही असो, नोंदणी करावीच लागते, आणि आता तर ती घरबसल्या ऑनलाइन होते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायलाही आपल्याला कंटाळा येतो, आणि अनामत चेकने घ्या म्हटले की आपल्याच माणसांची तोंडे वाकडी होतात.

घरमालकही काही संत नसतात, हे मान्य. रंगाच्या नावाखाली अख्खी अनामत गिळणारे मी पाहिले आहेत. त्या दिवसांत माझ्याही मनात पाणी तोडण्याचा विचार येऊन गेला होता. तो कायद्याने गुन्हा आहे हे वकिलांनी बजावले, म्हणून थांबलो.

सात महिने जास्त राहून तो गेला. थकलेले भाडे मी सोडले, वर अनामत परत केली आणि महावितरणचे थकीत बिलही मीच भरले. तेराशे रुपयांची ती बचत! रिकाम्या घरात शिरलो, तेव्हा बेडरूमच्या चौकटीवर पेन्सिलच्या चार रेघा दिसल्या. त्याच्या मुलीची वाढती उंची, प्रत्येक रेघेपुढे तारीख. शेवटच्या दोन तारखा मुदत संपल्यानंतरच्या होत्या. रंगाऱ्याने विचारले, तेव्हा ती चौकट तशीच ठेव म्हणालो. का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. नवऱ्याशी माझे भांडण चालू असतानाही त्याची बायको दर वेळी पाण्याचा तांब्या आणून ठेवत असे.

उद्या ट्रॅकवर स्नेह्यांकडे पुन्हा विषय काढणार आहे. रागावले तर रागावोत.