अंग आंबतं, पण ॲसिडनं नाही

सोलापुरात पार्क मैदानावर सकाळी पळायला येणाऱ्यांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय: "व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे. लिंबू-सोडा प्या, स्ट्रेचिंग करा, निघून जाईल. दुखलं नाही तर व्यायाम लागलाच नाही. दुखत असेल तर दुप्पट बैठका मारा, दुखणं मोडतं." यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर धोक्याचं आहे.

आधी ॲसिड. आपण 'अंग आंबलं' म्हणतो, म्हणून ही गोष्ट चटकन पटते. पण जोरात पळताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड रक्तात याच रूपात असतं) थांबल्यावर तासाभरात पूर्ववत होतं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. सकाळी आठला जे उरलंच नाही, ते परवा कसं दुखवेल? 1983 साली हे तपासलंही गेलं. पळणाऱ्यांना सपाटीवर आणि उतारावर 45 मिनिटं पळवलं. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, पाय मात्र पुढचे दोन दिवस दुखले.

परवा एक पोरगा मैदानाच्या पायऱ्या कठडा धरून, आडवा होऊन, एकेक पाय टेकवत उतरत होता. आदल्या दिवशी पहिल्यांदाच दोनशे बैठका मारलेल्या. बैठकेत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी अंगाचं वजनही तोलतो. सवय नसली की त्यातल्या बारीक तंतूंना इजा होते, सूज येते, नसा हळव्या होतात. दुखणं ते.

लिंबू-सोड्यानं तहान भागते, एवढंच. स्ट्रेचिंगनं या दुखण्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. हलकं चालण्यानं थोडा वेळ बरं वाटतं.

आता 'दुखलं नाही तर लागलं नाही'. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच, जड काठ्या पेलणारे आधी कित्येक दिवस सराव करतात. सुरुवातीला खांदे-कंबर भरून येतात, पुढे तेच वजन पेलूनही दुखत नाही, कारण स्नायू त्या कामाला तयार झालेले असतात. मग त्यांची ताकद वाढली नाही म्हणायचं का?

आणि दुप्पट बैठका? दुखऱ्या मांड्यांची ताकद आधीच घटलेली असते. तशात अति केलं तर क्वचित स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, हा धोका आणखी वाढतो. त्या पोराला म्हणूनच मी बाजूला घेऊन पहिलं विचारलं, लघवीचा रंग कसा आहे. नेहमीसारखा, म्हणाला. "चहासारखी काळपट झाली किंवा मांड्या टम्म सुजल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ," एवढं बजावलं. दोन दिवस नुसतं चाल म्हटलं, मग वीस बैठकांपासून सुरुवात कर.